अकरा कोनोफायटम, एक फवाऱ्याची बाटली

२०२३ च्या गणपतीत दादाच्या घरी जमलो होतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि वहिनींनी मला गॅलरीत बोलावून एक ट्रे दाखवला. दोन-दोन इंचांच्या चौकोनी काळ्या कुंड्या, एकूण अठरा. त्यांतल्या दहांमध्ये आता पांढरी खडी आणि मधोमध एक तपकिरी डाग एवढंच उरलं होतं, जास्त पिकलेलं केळं फरशीला चिकटून वाळावं तसा. अकरावंही त्याच वाटेवर होतं.

"भाऊजी, जूनमध्ये सगळी जिवंत होती," वहिनी म्हणाल्या. "काय झालं ते तुम्हीच शोधा. फोटो तुमच्याकडे आहेत."

फोटो होते. सहाशेच्या आसपास. मी दर एक-दोन रविवारांआड कॅमेरा घेऊन ठाण्यातल्या पातलीपाड्याला जायचो, पोहे खायचो आणि या रोपांपुढे पालथा पडायचो. पुढचं सगळं त्या फोटोंवरून आणि वहिनींच्या वहीवरून लिहिलं आहे. वहिनींना पाणी घातल्याची तारीख लिहून ठेवायची सवय आहे. ती वही नसती तर या प्रकरणाचा निकाल 'नर्सरीवाल्यानं फसवलं' एवढ्यावरच लागला असता.

रोपं आणि त्यांचा मुलूख

ट्रेमध्ये होती ती कोनोफायटम. दोन जाड पानं एकमेकांना चिकटून झालेलं बोंड, बोटाच्या पेराएवढं किंवा त्याहून लहान, वर मधोमध एक चीर. यातल्या बायलोबम या जातीला सशासारखे दोन कान असतात, कॅल्क्युलस म्हणजे निव्वळ गोटी, पेलुसिडमच्या माथ्यावर अर्धपारदर्शक ठिपके असतात, आणि बर्गराय तर पाण्याचा बुडबुडाच. लंडनच्या क्यू उद्यानातल्या एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये ही प्रजाती वेगळी काढली. नावाचा अर्थ शंकूसारखी वनस्पती. त्याच वर्षी त्यांनी लिथॉप्सही वेगळे काढले. तेही वहिनींकडे आले होते, पाच कुंड्यांत. 'जिवंत दगड' म्हणतात हे आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न: "म्हणजे दगडफूल?" नाही. दगडफूल गोड्या मसाल्यात जातं, हे जात नाही.

यांचा मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला, नामाक्वालँड आणि त्याच्या उत्तरेचं रिख्टर्सफेल्ड. समुद्रात बेंगेला नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगत धुकं असतं आणि पाऊस अगदीच बेताचा. बऱ्याच ठिकाणी वर्षभरात शंभर-दोनशे मिलिमीटर, कुठे त्याहूनही कमी. आपल्याकडे जुलैच्या एखाद्या वाईट दिवशी एवढा पडून जातो आणि लोक फक्त लोकल बंद का म्हणून विचारतात. ठाण्याचा वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला.

तिकडचा तो थोडका पाऊस पडतो मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये. वहिनींनी हे वाचलं होतं आणि त्यांचा तर्क वरवर बिनतोड होता: "तिकडेही पाऊस जून-जुलैतच. आपल्याकडेही जून-जुलैतच. मग अडचण काय?"

अडचण अशी की तिकडे तेव्हा हिवाळा असतो. रोपाला महिन्याचं नाव कळत नाही, रात्र कळते. या झाडांची श्वासाची तऱ्हा उलटी असते. दिवसा पानांची रंध्रं बंद, रात्री गारव्यात उघडी. कार्बन डायऑक्साइड रात्री आत घ्यायचा, साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा. रात्र गार नसेल तर हा सगळा कारभार मंदावतो आणि कोनोफायटमसारखी हिवाळी झाडं सरळ झोपी जातात. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, ते पाणी नुसतं मुळाशी बसून राहतं. ठाण्यात जुलैच्या रात्री पारा तेवीस-चोवीसच्या खाली क्वचितच येतो.

रोपं डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याकडच्या एका घरगुती उत्पादकाकडून आली, बियांपासून वाढवलेली, तीन वर्षांची. हे मुद्दाम सांगतोय. २०१९ नंतर तिकडच्या माळरानांवरून कोनोफायटम उपटून विकण्याचा धंदा प्रचंड वाढला आणि लाखो चोरलेली रोपं जप्त झाली. काही जातींचा अख्खा संसार एखाद्या टेकाडापुरता असतो, तो एका पोत्यात संपतो. ऑनलाइन कोणी सुरकुतलेलं, मातीनं मळलेलं, 'जुनं' कोनोफायटम दाखवलं तर ते कुठून आलं हे विचारावं. वहिनींची रोपं नर्सरीतली, गुळगुळीत, लहान, एका मापाची होती.

संशयित

घरात चार मतं होती.

वहिनींना स्वतःच्या पाण्याचा संशय होता. मृग लागल्यावर त्यांनी वर सांगितलेल्या तर्कानं प्रत्येक कुंडीला दोनदा दोन-दोन चमचे पाणी घातलं होतं, मग एका जाणकार बाईंनी थांबवल्यावर २५ जूनला बंद केलं. योगायोगानं त्याच दिवशी त्या वर्षीचा लांबलेला मोसमी पाऊस मुंबई-ठाण्यात दाखल झाला. पण हे पाणी अठराही कुंड्यांना सारखंच मिळालं होतं. मग अकराच का गेल्या?

माझा संशय पावसाच्या झडीवर. गॅलरी पश्चिमेला, समोर येऊरचे डोंगर, आणि जुलैत वारा तिकडूनच येतो. त्या वर्षीचा जुलै तर धो-धो होता. पण वहिनींच्या वहीत कुंड्या गेल्याच्या तारखा होत्या: जुलैत तीन, सप्टेंबरच्या सुरुवातीला एक, आणि उरलेल्या सात ऑगस्टमध्ये. २०२३ चा ऑगस्ट म्हणजे देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट. इथेही पावसानं पाठ फिरवली होती, अधिक श्रावण संपत आला तरी उन्हाची तिरीप होती. झडीनं मारायचं असतं तर जुलैनं मारलं असतं.

पुतण्याचं मत होतं पिठ्या ढेकणाचं, कारण त्यानं जास्वंदीवर तो पाहिला होता. भिंगातून पाहिलं, मुळं झटकून पाहिली, त्याचा कापसासारखा पांढरा पुंजका कुठेच नव्हता. दादाचं मत उत्पादकाच्या विरोधात. दादाचं मत नेहमीच कोणाच्या तरी विरोधात असतं.

अकरावं रोप अजून पूर्ण गेलं नव्हतं. एक बायलोबम, एक कान तपकिरी, दुसरा हिरवा. मी दाढीच्या पात्यानं ते बरोबर चिरेवरून उभं कापलं. वहिनींनी तोंड फिरवलं. खालचा अर्धा भाग घट्ट आणि काकडीसारखा ओला-हिरवा, मानेपाशी, म्हणजे बोंड मुळाला जोडतं तिथे, कुठेही मऊपणा नाही, मुळं पांढरी, ताणली तर तटकन तुटणारी. कुज होती ती वर. चिरेच्या तळापासून खाली उतरणारी एक तपकिरी पाचर, वर रुंद आणि खाली निमुळती, आणि तिच्या कडेला काचेसारखी झालेली पारदर्शक पट्टी.

जास्त पाण्यानं रोप जातं तेव्हा ते खालून जातं. मुळं काळी पडतात, मान मऊ होते, बोंड बोटानं ढकललं की कलंडतं. इथे वरून खाली गेलं होतं. म्हणजे कुंडीतल्या पाण्याचा संबंध नाही, चिरेत काहीतरी बसलं होतं.

"वरून पाणी मी कधीच घालत नाही," वहिनी म्हणाल्या. "चमच्यानं कडेला सोडते." आणि मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मलाही तेव्हाच सुचलं.

फोटोंच्या तारखा

पावसाळ्यातला ढगाळ उजेड फोटोला सोन्यासारखा असतो. अख्खं आभाळ म्हणजे एक मोठा पांढरा पडदा, सावल्या मऊ, रंग खोल. त्यात रोपावर पाण्याचे थेंब असले तर चित्र उठून दिसतं. नुसत्या पाण्याचा थेंब ओघळतो किंवा पसरतो, म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळायची जुनी युक्ती आहे. माझ्या बॅगेत कपड्यांना इस्त्री करताना वापरतात तशी फवाऱ्याची छोटी बाटली असायची, तीन भाग पाणी, एक भाग ग्लिसरीन. थेंब मण्यासारखा गोल बसतो आणि अर्धा तास हलत नाही.

अर्ध्या तासानं तो जातही नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तोवर मी पोहे खायला आत गेलेला असायचो. ग्लिसरीन वाळत नाही. उलट हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि त्या दिवसांत हवेत ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास. घट्ट ग्लिसरीनमध्ये बुरशी वाढत नाही, पण पातळ झालेलं ग्लिसरीन तिला चक्क अन्न. कोनोफायटमच्या चिरेत असा थेंब म्हणजे झाकणाखाली ठेवलेला पाक. त्या चिरेच्या आतच झोपलेल्या रोपाची पुढच्या वर्षीची कोवळी पानं तयार होत असतात.

लॅपटॉपवर फोटो तारखेनं लावले. थेंबांचे फोटो चार दिवशी काढलेले: १६ जुलै, ३० जुलै, १३ ऑगस्ट, २० ऑगस्ट. प्रत्येक फोटोतली कुंडी ओळखून वहिनींच्या वहीशी ताडून पाहिली. गेलेल्या अकरांपैकी दहांवर मी कधी ना कधी फवारा मारला होता. जगलेल्या सातांपैकी फक्त एकावर. बाकीच्या बहुतेक मागच्या रांगेतल्या, बसक्या, राखाडी, ज्यांच्याकडे माझी नजरच गेली नव्हती अशा.

यावर शंका घेता येते, मी स्वतःच घेतली. मला देखणी वाटलेली रोपं कदाचित मुळातच नाजूक सालीची असतील. म्हणून एक जोडी महत्त्वाची ठरली: एकाच बियाण्यातले दोन बायलोबम, शेजारच्या कुंड्यांत, तेच मिश्रण, तेच पाणी. एकाचा कान वाकडा होता म्हणून मी त्याला फ्रेमबाहेर ठेवायचो. तो वाकड्या कानाचा आज जिवंत आहे. अकरांतली फवाऱ्याशिवाय गेलेली एकमेव कुंडी बर्गरायची. तिचा हिशोब मी माझ्या नावावर घेत नाही. बर्गराय अनुभवी लोकांकडेही जातं, आणि तिला बहुधा मृगाचे ते चार चमचेच भोवले.

सगळ्यात वाईट फोटो १३ ऑगस्टचा. एक गोल, निळसर कॅल्क्युलस, चिरेच्या काठावर शिंपल्यात मोती असावा तसा थेंब. खूप लोकांना आवडला होता तो. मूळ फाइल उघडली तर थेंबाच्या बाजूला मोहरीहून लहान काळसर ठिपका. पंधरा दिवस आधीच्या, ३० जुलैच्या थेंबाचा तो परिणाम. मी प्रकाशित केलेल्या फोटोत तो ठिपका नव्हता. मी तो 'डाग' म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पुसला होता. रोप कुजायला लागल्याचा पहिला पुरावा माझ्यासमोर शंभर टक्के मोठा करून होता आणि मी त्यावर ब्रश फिरवला.

त्याच काळात माझ्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांत, ओलाव्याचा काटा पंचेचाळीसवर ठेवून बसवलेल्या होत्या. ठाण्याच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, हे मला पक्कं माहीत होतं.

वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ग्लिसरीन म्हणजे थंडीत ओठांना लावतो तेच ना?" आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. ती परत मिळाली नाही.

दक्षिणेची खिडकी

उरलेल्या सातांसाठी जागा बदलायची ठरली, आणि इथे मला वहिनींचं कौतुक करावंसं वाटतं, कारण उत्तर त्यांनी काढलं. ठाण्याचं अक्षांश १९ अंशांच्या जरासं पुढे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, शाळेतली मुलं अंगणात काठी रोवून बघतात तो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत जूनमध्ये थेट ऊन येतच नाही. आणि डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर, दक्षिणेला कललेला. तेव्हा त्याच खिडकीत ऊन कट्टा ओलांडून पलंगापर्यंत पोचतं.

हिवाळ्यात ऊन, उन्हाळ्यात सावली. कोनोफायटमला हवं तेच, आणि ते वहिनींच्या झोपण्याच्या खोलीत फुकट पडून होतं. पडदा धुवायला काढला होता तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

डिसेंबर २०२३ मध्ये रोपं जागी असताना मिश्रण बदललं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पूर्ण काढलं. विटेचा चुरा, खडी क्रशरवरची बारीक कच, आणि मूठभर माती, सगळं पिठाच्या चाळणीतून चाळून खालची धूळ टाकून दिली. ही धूळच पुढे चिखल होऊन छिद्रं बुजवते. मातीच्या कुंड्यांचा मोह आवरला, कारण आपल्या पावसाळ्यात त्या वाळत नाहीत, नुसत्या हिरव्या होतात. हे मिश्रण शास्त्रशुद्ध आहे असा दावा नाही. इमारतीखाली काम चालू होतं, तिथे जे मिळालं ते वापरलं.

'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. होळीनंतर पाणी बंद. इंग्लंडकडचे लोक उन्हाळ्यात संध्याकाळी हलका फवारा मारा म्हणतात. तिकडे तो रातोरात वाळतो. आपल्याकडे मेमध्येही मारू नये.

जून ते सप्टेंबर खिडकीची काच पावसामुळे बंद ठेवावी लागते आणि आतली हवा कोंदते. त्यावर उपाय म्हणून जुन्या मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा पंखा चोवीस तास लावला. काट्यावरचा ओलावा त्यानं कमी झाला नाही, नव्वदच्या आसपासच राहिला. पण हलती हवा बोंडांवर थर धरू देत नाही. कट्ट्याच्या संगमरवरावर हात फिरवला की फरक कळायचा: पंख्याच्या झोतात कोरडा, कोपऱ्यात दमट. म्हणून कोपरा रिकामा ठेवला.

एप्रिलपासून बोंडं आक्रसत गेली. जुनी पानं वाळून आतल्या नव्या बोंडाभोवती लसणाच्या सालीसारखी पांढरी, कोरडी झाली. हेच त्यांचं उन्हाळ्याचं पांघरूण. बघणाऱ्याला मेलेलं वाटतं. कामाच्या मावशींनी दोन कुंड्या सरळ ओल्या कचऱ्याच्या बादलीत ठेवल्या होत्या, दादानं वेळेवर पाहिल्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्याच्या मतांना घरात थोडी किंमत आहे.

२०२४ चा पावसाळा सातांपैकी सहांनी काढला. सातवं कुजलं नाही, वाळलं. फारच लहान होतं, एवढा उपास त्याला झेपला नाही.

कोरडे फोटो

त्या पावसाळ्यात मी फोटो काढले, पण कोरडे. लसणीच्या सालीचे. सपाट उजेडात ती नुसती मळकट दिसते, म्हणून आभाळाचा मऊ उजेड नको, बाजूनं येणारा हवा. खिडकीला पुठ्ठा लावून बोटभर फट ठेवली, दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा, मागे वहिनींच्या शिवायच्या डब्यातला काळ्या मखमलीचा ब्लाउज पीस. सालीवरच्या शिरा एकदम उठल्या.

एवढ्या जवळून फोटो काढताना पुढपासून मागपर्यंत सगळं एकदम स्पष्ट येत नाही. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाएवढी उतरवली तर लेन्सचं छिद्र एफ ११ एवढं बारीक ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. बोंड दहा-बारा मिलिमीटरचं. छिद्र आणखी बारीक केलं तर स्पष्ट भाग वाढतो, पण सगळंच चित्र किंचित पुसट होतं. म्हणून फोकस केसभर पुढे सरकवत पंधरा-वीस फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र शिवायचे. तोवर काहीही हलता कामा नये. आणि समोर पंखा.

"पाच मिनिटं," वहिनी म्हणायच्या आणि पंखा बंद करून मोबाइलवर गजर लावायच्या. गजर वाजला की माझं काम झालेलं असो वा नसो, पंखा सुरू. कित्येक फोटो अर्धवट राहिले. पांढऱ्या खडीनं आणखी घोळ घातला. कॅमेरा ती राखाडी करून टाकतो, म्हणून उजेड थोडा चढवून घ्यावा लागतो, नाहीतर सगळी रोपं आजारी दिसतात.

पाण्याची परतीची तारीख ठरवायला वहिनींनी पंचांग वापरलं नाही, थर्मामीटर वापरला. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि कोजागरीलाही नाही. दिवाळीनंतर सलग चार रात्री खिडकीतला किमान पारा बावीसच्या खाली गेला तेव्हा, ६ नोव्हेंबरला, पहिलं पाणी. बशीत कुंड्या ठेवून, खालून, दहा मिनिटं. १७ नोव्हेंबरला वाकड्या कानाच्या बायलोबमची साल फाटली आणि आतून ओला, चकचकीत, पोपटी रंग दिसला. तो फोटो वहिनींनीच मोबाइलवर काढला आणि मला पहाटे सहाला पाठवला. कान अजून वाकडाच आहे.

३० नोव्हेंबरला रात्री साडेनऊला फोन. "लवंगेचा वास येतोय खोलीत. मसाल्याचा डबा उघडा नाही. लवकर या." कॅल्क्युलसच्या दोन कुंड्या होत्या. एक मी मारली होती, दुसरी फुलली. दक्षिण आफ्रिकेतल्या क्नर्सफ्लाक्टेच्या पांढऱ्या गारगोट्यांच्या माळावरचं हे रोप रात्री फुलतं, कीटकही रात्रीचेच. गोटीच्या चिरेतून नारिंगी-पिवळी, दोऱ्यासारख्या पाकळ्यांची झिपरी बाहेर आलेली, आणि वास खरोखर लवंगेचा.

फ्लॅशनं पाकळ्या मेणासारख्या दिसतात, म्हणून अभ्यासाच्या दिव्यावर बटर पेपर गुंडाळला, तोही समोरून नाही, मागून आणि थोडा वरून. मागून उजेड आला की गोटीची कड आतून उजळते, कागदी आकाशकंदिलासारखी. दोन-दोन सेकंदांचे बावीस फोटो. पंखा बंद. गजर वाजला. वहिनींनी तो बंद केला आणि काही बोलल्या नाहीत. मीच उठून पंखा लावला.

लिथॉप्सबद्दल थोडंच. पाचांतले दोन पहिल्याच हिवाळ्यात गेले होते, आणि ती चूक निराळी. कोनोफायटम डिसेंबरात पाणी पितं म्हणून यांनाही दिलं. लिथॉप्स हिवाळ्यात जुन्या पानांतलं पाणी शोषून नवी जोडी काढतात, तेव्हा त्यांना कोरडं ठेवायचं. अशा वेळी पाणी दिलं की जुनी पानं आटत नाहीत, नवी त्यांच्यात अडकतात आणि रोप फुटतं. १८११ मध्ये बर्चेल या प्रवाशानं दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काजवळ जमिनीवरून एक विचित्र गोटा उचलला आणि तो वनस्पती निघाला, तेव्हापासून माणसं यांच्या बाबतीत फसतच आली आहेत. कोनोफायटम आणि लिथॉप्स आता वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीसकट.

बोंडं भिजल्यावर

त्याच नोव्हेंबरात वहिनींनी बायलोबमचं बी मागवलं. कोनोफायटमला बहुतेक वेळा स्वतःच्या परागानं बी धरत नाही आणि जोडीचं दुसरं रोप माझ्या बाटलीनं नेलं होतं. उत्पादकानं सुट्या बियांऐवजी चार अख्खी सुकी फळं, म्हणजे बियांची बोंडं पाठवली, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, करडी, काष्ठासारखी कडक.

ही बोंडं कोरडी असताना घट्ट मिटलेली असतात आणि भिजली की उघडतात. तिकडे पाऊस पडल्याशिवाय बी बाहेर पडूच नये, अशी रचना. वहिनींनी बशीत एक बोंड ठेवलं, पुतण्याच्या औषधाचा ड्रॉपर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हं. मारा आता थेंब." साध्या पाण्याचा एक थेंब. आधी काहीच नाही, मग बोंडाच्या माथ्यावरच्या शिवणी उसवल्या आणि एकेक पाकळी मागे कलत चांदणीसारखी पसरली. दुसऱ्या थेंबाला खसखशीहून बारीक तांबूस दाणे तरंगत बाहेर आले. तासाभरानं बशी वाळली तर बोंड पुन्हा मिटलेलं. याचे मी सलग छत्तीस फोटो काढले, आणि थेंबांचे माझे हे एवढेच फोटो आता मी दाखवतो. बाकीचे पुसले नाहीत, पण दाखवतही नाही.

चाळीस दाणे पेरले, बावीस उगवले. टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे मणी. आता अडचण अशी की पहिल्या उन्हाळ्यात या पिल्लांना मोठ्यांसारखा कडकडीत उपास झेपत नाही, अंगात साठाच नसतो. आणि ओलं ठेवावं तर बाहेर अडीच हजार मिलिमीटर. वहिनींनी मधला मार्ग काढलाय: आठवड्यातून एकदा रात्री उशिरा, बशीतून, दोन मिनिटं, मग रात्रभर पंख्याचा थेट झोत. हे लिहितोय तेव्हा जून उजाडलाय, बावीसपैकी एकोणीस आहेत. कॅमेरा अजून तिकडे नेलेला नाही. वहिनी मोबाइलवरून रोज एक फोटो पाठवतात, शेजारी मापाला मोहरीचा दाणा ठेवून.